वीज भरपूर, तार अपुरी : टॉवर लाईनवरची कोंडी काय असते आणि तिचे पैसे कोण भरतो?

शेलूबाजार : हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायची वेळ आली की गावोगावी एकच प्रश्न निघतो. राज्यात वीज भरपूर आहे म्हणतात, विदर्भात तर वीज केंद्रांची रांग लागली आहे, मग आपल्या पंपाला दिवसा लाईट का मिळत नाही? आणि मिळते ती एवढी महाग का?

याचे अर्धे उत्तर वीज तयार करण्यात आहे, अर्धे ती पोचवण्यात. वीज तयार होणे वेगळे आणि ती तारेतून आपल्या डीपीपर्यंत येणे वेगळे. मधली तार भरली की स्वस्त वीज एका टोकाला अडकून पडते आणि दुसऱ्या टोकाला महाग वीज घ्यावी लागते, नाहीतर लाईट जाते. यालाच पारेषण कोंडी म्हणतात. ही कोंडी कशी होते, वीज बाजारात तिच्यामुळे दर कसे बदलतात आणि टॉवर लाईनचा खर्च बिलात कुठे लपलेला असतो, याची ही माहिती.

वीज कुठून येते?

महाराष्ट्रात कोळशावरची मोठी वीज केंद्रे बहुतेक पूर्वेकडे आहेत. चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा, गोंदिया जिल्ह्यात तिरोडा (३,३०० मेगावॅट), आणि आपल्या शेजारी अकोला जिल्ह्यात पारस (५०० मेगावॅट). विजेची मोठी मागणी मात्र पश्चिमेकडे आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पट्ट्यात कारखाने, रेल्वे, मॉल आणि मोठ्या वसाहती आहेत.

म्हणजे वीज पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. समृद्धी महामार्गावर शेलूबाजारच्या इंटरचेंजवरून जशी नागपूरकडची वाहने मुंबईकडे जातात, तसाच हा विजेचा महामार्ग आहे. चंद्रपूर ते मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची १,५०० मेगावॅटची लाईन १९९९ मध्ये सुरू झाली. पुढे तिरोडा–कोराडी–अकोला–औरंगाबाद अशी ७६५ केव्हीची लाईन उभी राहिली. ७६५ किंवा ४०० केव्हीची वीज मोठ्या उपकेंद्रात २२०, १३२ केव्हीवर उतरते, तिथून ३३ केव्हीवर, मग ११ केव्हीच्या फिडरवर आणि शेवटी आपल्या डीपीवर येते.

६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे भाग झाले, तेव्हापासून ही कामे तीन कंपन्यांत वाटली गेली.

- महानिर्मिती : वीज तयार करते.
- महापारेषण : टॉवर लाईन आणि मोठी उपकेंद्रे सांभाळते.
- महावितरण : ३३ केव्हीपासून घरापर्यंत वीज पोचवते आणि बिल वसूल करते.

कोणत्या क्षणी कोणते केंद्र किती चालवायचे आणि कोणत्या लाईनवर किती भार आहे, हे नवी मुंबईत ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून चोवीस तास पाहिले जाते.

कोंडी म्हणजे नेमके काय?

रस्त्यावर गर्दी झाली तर गाड्या थांबतात, रांग लागते. विजेला रांग लावता येत नाही. ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी ती वापरावी लागते. शिवाय वीज आपण सांगू त्याच तारेने जात नाही. वाट मोकळी मिळेल तशी ती सगळ्या तारांतून वाटली जाते. एक लाईन बंद पडली की तिचा भार लगेच शेजारच्या लाईनवर येतो. ती आधीच भरलेली असेल तर तीही ट्रिप होते आणि मग साखळीच सुरू होते.

म्हणून लाईन कधीच काठोकाठ भरत नाहीत. एखादी लाईन अचानक बंद पडली तरी बाकीच्या टिकल्या पाहिजेत, एवढी जागा राखून ठेवतात. राखीव जागा वजा केल्यावर जे उरते, तेवढेच व्यापारासाठी मोकळे असते. मागणी त्याच्या वर गेली की कोंडी झाली असे समजायचे.

हे गावातही दिसते. १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीचे साधारण १८ ते २० पंप एकदम चालले की डीपी भरते. त्यात सगळ्यांच्या पंपाला ऑटो स्विच असेल तर लाईट आल्याबरोबर सगळे पंप एकाच सेकंदाला सुरू होतात. पंप सुरू होताना करंट कितीतरी पट जास्त ओढतो. मग फ्यूज उडतो, नाहीतर डीपी जळते. वीज होती, पण पोचवणारे साधन कमी पडले. मोठ्या लाईनवरही हेच होते, फक्त तिथे एका डीपीऐवजी अख्खी राज्ये अंधारात जातात.

तीन प्रसंग

३० जुलै २०१२ : रात्री अडीचच्या सुमारास मध्य प्रदेशातील बीना ते उत्तरेकडील ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन ट्रिप झाली. त्या दिवसांत दोन विभागांना जोडणाऱ्या अनेक लाईन बंद होत्या आणि उत्तरेकडची राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. सगळा भार या लाईनवर आला होता. उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे जाळे कोसळले. साठ कोटींहून अधिक लोक राहतात त्या भागात वीज नव्हती. पश्चिम आणि दक्षिण विभाग वाचले, त्यामुळे महाराष्ट्रात लाईट राहिली.

३१ डिसेंबर २०१३ : कर्नाटकातील रायचूर ते आपले सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिण भारत देशाच्या एकाच जाळ्याला जोडला गेला. त्याआधी दक्षिणेकडे वीज नेणाऱ्या वाटा थोड्या होत्या. वीज बाजारात इकडे दर कमी आणि तामिळनाडू, आंध्र, कर्नाटककडे जास्त, असे वारंवार होत असे. वीज देशात होती, पण सोलापूरच्या पुढे जायला तार नव्हती.

१२ ऑक्टोबर २०२० : सकाळी मुंबई बंद पडली. लोकल जागेवर थांबल्या. मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या पडघा–कळवा पट्ट्यातील ४०० केव्ही लाईन एकामागून एक बंद झाल्या आणि शहरातील स्वतःचे संचही टिकले नाहीत. मुंबईत वीज आणायच्या वाटा अपुऱ्या आहेत, हे जाणकार अनेक वर्षे सांगत होते. बाहेर स्वस्त वीज असली तरी ट्रॉम्बे आणि डहाणूचे संच चालू ठेवावे लागत, तेही याचमुळे. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये खारघर–विक्रोळी ही ४०० केव्हीची लाईन सुरू झाली आणि मुंबईत आणखी सुमारे १,००० मेगावॅट आणण्याची सोय झाली.

वीज बाजार कसा चालतो?

बहुतेक वीज जुन्या, लांब मुदतीच्या करारांनी घेतली जाते. कमी पडली किंवा जास्त झाली तर पॉवर एक्सचेंजवर खरेदी-विक्री होते. २००३ च्या वीज कायद्याने याची वाट मोकळी केली. इंडियन एनर्जी एक्सचेंज २७ जून २००८ रोजी सुरू झाले. नंतर आणखी दोन एक्सचेंज आले.

हा लिलाव बाजार समितीसारखाच, फरक एवढाच की माल दिसत नाही. उद्याच्या विजेसाठी आज सकाळी १० ते १२ या वेळेत बोली लागते. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग केलेले असतात आणि प्रत्येक भागाचा दर वेगळा निघतो. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा दर पडतो. सूर्य मावळल्यावर घराघरात दिवे, पंखे लागतात आणि दर चढतो. विक्रेत्याचे आणि खरेदीदाराचे गणित जिथे जुळते, तो त्या १५ मिनिटांचा दर सगळ्यांना लागू होतो. जून २०२० पासून अर्ध्या-अर्ध्या तासाने बोली लावायचा तातडीचा बाजारही सुरू आहे.

मार्च २०२२ मध्ये उन्हाळा लवकर तापला आणि बाजारातला दर २० रुपये युनिटपर्यंत गेला. तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने १२ रुपयांची मर्यादा घातली. एप्रिल २०२३ पासून ती १० रुपये झाली.

तार भरली की एका बाजाराचे दोन बाजार

लिलाव लागल्यावर तो तसाच पक्का होत नाही. एवढी वीज तारेतून जाईल का, हे राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र तपासते. जात असेल तर देशभर एकच दर. जात नसेल तर बाजार दोन किंवा जास्त भागांत तोडला जातो आणि प्रत्येक भागाचा दर वेगळा निघतो. यासाठी देशाचे १३ भाग पाडले आहेत. महाराष्ट्र आणि गुजरात एका भागात येतात. गंमत म्हणजे गोव्यासारखे छोटे राज्य दोन भागांत आहे. उत्तर गोवा महाराष्ट्राबरोबर आणि दक्षिण गोवा कर्नाटकाबरोबर, कारण तारा तशा जोडलेल्या आहेत.

उदाहरणाने पाहू. समजा एका भागात ३ रुपये युनिटने हवी तेवढी वीज आहे. दुसऱ्या भागाला १,००० मेगावॅट हवेत. पण दोघांमधल्या तारेतून फक्त ६०० मेगावॅट जाऊ शकतात. उरलेले ४०० मेगावॅट त्या भागातच ७ रुपये युनिटने मिळतात.

- पहिल्या भागाचा दर राहतो ३ रुपये.
- दुसऱ्या भागाचा दर होतो ७ रुपये, आणि तो सगळ्या १,००० मेगावॅटला लागतो.
- तारेतून गेलेल्या ६०० मेगावॅटचे विकणाऱ्याला मिळतात ३ रुपये, घेणारा देतो ७ रुपये. मधला फरक ४ रुपये.
- एका तासात ६०० मेगावॅट म्हणजे ६ लाख युनिट. म्हणजे तासाला २४ लाख रुपयांचा फरक.

हा फरक विक्रेत्याला मिळत नाही, एक्सचेंजच्या खिशातही जात नाही. तो केंद्राच्या वीज प्रणाली विकास निधीत जमा होतो आणि जाळे मजबूत करायच्या कामाला वापरता येतो. दोन भागांतल्या दरात वारंवार फरक पडू लागला की तिथे नवी लाईन हवी आहे, हे त्यातून कळते.

हीच अडचण आता सौर विजेची होते आहे. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. टॉवर लाईनला जमीन, परवानगी, जंगल, न्यायालय यात त्याहून जास्त वर्षे जातात. राजस्थानात भर दुपारी तयार होऊ शकणारी वीज तारेअभावी थांबवावी लागल्याचे २०२५ मध्ये दिसले.

टॉवर लाईनचे भाडे कसे ठरते?

रस्त्याचा टोल दोन तऱ्हेने घेता येतो. एक म्हणजे जेवढे किलोमीटर तेवढे पैसे. दुसरा म्हणजे कुठेही जा, दर एकच. पोस्टाच्या तिकिटासारखा. विजेतही हाच वाद जुना आहे.

राज्याराज्यांतल्या मोठ्या लाईनसाठी आधी पोस्टाच्या तिकिटाची पद्धत होती. विभागातल्या सगळ्यांना एकच दर. १ जुलै २०११ पासून जाळ्यात तुम्ही कुठे आहात आणि तारा किती वापरता, यावरून आकार ठरू लागला. १ नोव्हेंबर २०२० पासून दोन्हीचे मिश्रण आहे. काही खर्च सगळ्या देशात वाटला जातो, काही विभागात, ट्रान्सफॉर्मरचा खर्च ज्या राज्यासाठी तो बसवला त्याच राज्यावर, आणि काही भाग प्रत्यक्ष वापरावरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांनी जाळ्यात ठराविक मेगावॅटची कायमची जागा घ्यायची पद्धत आली. एवढी वीज घेणार हे सांगायचे. ती कुठून येणार हे आधी सांगावे लागत नाही.

३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या विजेला आंतरराज्य पारेषण आकारात पूर्ण माफी होती. त्यानंतर ती दरवर्षी २५ टक्क्यांनी कमी होत जाते. माफी दिली म्हणून लाईनचा खर्च संपत नाही. तो बाकीच्या वापरकर्त्यांवर जातो.

राज्यातल्या लाईनसाठी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००६ मध्ये पद्धत घालून दिली. राज्यातील सगळ्या पारेषण कंपन्यांचा मान्य खर्च एकत्र केला जातो आणि महावितरण, बेस्ट, टाटा, अदानी, रेल्वे अशा वापरकर्त्यांत वाटला जातो. वाटणी होते ती त्यांच्या कमाल मागणीवरून. कारण लाईन सरासरीसाठी नाही, सगळ्यात गर्दीच्या तासासाठी बांधावी लागते. महावितरणची मागणी सगळ्यात मोठी, म्हणून तिचा वाटाही सगळ्यात मोठा.

आपल्या बिलात हे कुठे दिसते?

बिलावर ‘वहन आकार’ लिहिलेला असतो. २०२४-२५ मध्ये घरगुती ग्राहकाला तो युनिटमागे १ रुपया १७ पैसे होता. अनेकांना वाटते की हेच टॉवर लाईनचे भाडे. तसे नाही. वहन आकार हा महावितरणच्या स्वतःच्या तारांचा, म्हणजे ३३ केव्हीपासून गावातल्या पोलपर्यंतचा आहे. महापारेषणच्या टॉवर लाईनचे भाडे महावितरणच्या एकूण खर्चात धरलेले असते आणि इतर आकारांतून वसूल होते. त्याची वेगळी ओळ बिलावर नसते. बाजारातून घेतलेली महाग वीज ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीतून वरखाली होत राहते.

शेतीपंपाचे बिल राज्य सरकार भरते. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल नाही. ही योजना मार्च २०२९ पर्यंत आहे. पण खर्च माफ होत नाही, तो सरकारी तिजोरीतून जातो.

विदर्भाला वीज स्वस्त का नाही?

कोळसा आपला, पाणी आपले, राख आणि धूरही आपल्याकडे, मग मुंबईच्या शेजारच्या कल्याणला आणि वाशिमला महावितरणचा दर एकच का, हा सवाल विदर्भात वर्षानुवर्षे विचारला जातो. अंतराप्रमाणे भाडे लावले तर वीज केंद्राजवळच्या भागाला टॉवर लाईनचा आकार कमी पडेल, हे खरे आहे.

पण त्याला दुसरी बाजूही आहे. शहरात एका किलोमीटर तारेवर शेकडो ग्राहक असतात. आपल्याकडे एका शेतातून दुसऱ्या शेतात पोल टाकत जावे लागते आणि एका डीपीवर वीस-पंचवीस पंप असतात. खऱ्या खर्चाप्रमाणे गावोगावचा दर लावला तर टॉवर लाईनमध्ये वाचलेले पैसे गावातल्या तारेत जातील, कदाचित जास्तच. राज्यभर एकच दर असल्याने विदर्भाचे एका ठिकाणी नुकसान होते आणि दुसऱ्या ठिकाणी खेड्याचा फायदा होतो. मागणी करताना दोन्ही हिशेब मांडायला हवेत.

कोंडीवर जवळचा उपाय

वीज जिथे लागते तिथेच तयार केली तर ती टॉवर लाईनवरून आणावीच लागत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चा आधार हाच आहे. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फिडरवर सोडायची. दिवसा ऊन, दिवसा वीज, दिवसा पाणी. रात्री बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीत बारे द्यायला जाणे टळते.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला आले होते. तेव्हा या योजनेतील राज्यभरातल्या पाच सौर प्रकल्पांचे, एकूण १९ मेगावॅटचे, लोकार्पण तिथूनच झाले.

जमीन देणाऱ्यांसाठी आणि ग्रामपंचायतींसाठी महत्त्वाचे :

- भाडेपट्टा वर्षाला हेक्टरी किमान १ लाख २५ हजार रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ.
- ज्या गावात प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षे.
- करार लांब मुदतीचा असतो. सातबाऱ्यावर सगळ्या हिस्सेदारांची नावे आणि संमती तपासूनच सही करावी.

या वीजेलाही मर्यादा आहे. ढग आले, संध्याकाळ झाली की ती थांबते. त्या वेळी पुन्हा टॉवर लाईनच कामी येते.

शेतात टॉवर येणार असेल तर

देशभर नव्या लाईन टाकल्या जात आहेत, त्या कोणाच्या तरी शेतातूनच जाणार. लाईनसाठी जमीन विकत घेतली जात नाही, मालकी शेतकऱ्याचीच राहते. मोबदला मात्र मिळतो. केंद्राने १४ जून २०२४ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार टॉवरच्या पायाखालील जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी ग्रामीण भागात ३० टक्के मोबदला आहे. राज्यातल्या लाईनसाठी राज्य सरकारचा शासन निर्णय लागू होतो. म्हणून लाईन कोणत्या कंपनीची आणि कोणता निर्णय लागू, हे आधी लेखी विचारावे.

पीक, झाडे, विहीर, पाइपलाईन यांचा पंचनामा वेगळा होतो. पंचनाम्याची प्रत घ्यावी, उभ्या पिकाचे फोटो तारखेसह ठेवावेत. तारेखाली पीक घेता येते. घर बांधता येत नाही, उंच झाड लावता येत नाही. मोबदला कमी वाटला तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

डीपीवरची कोंडी आपल्या हातात

- पंपाचा ऑटो स्विच काढावा. लाईट आल्यावर पाच-दहा मिनिटांच्या फरकाने पंप सुरू करावेत.
- पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर लावावा. त्यामुळे तारेतला करंट कमी होतो, व्होल्टेज सुधारते आणि मोटर कमी तापते.
- पंपाचा खरा एचपी लपवू नये. नोंद तीनची आणि पंप पाचचा असेल तर डीपीचे गणितच चुकते.
- डीपीवर भार वाढला असेल तर सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून महावितरणकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. पुढे पाठपुरावा करायला ती लागते.
- तक्रारीसाठी महावितरणचे टोल फ्री क्रमांक : १९१२, १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५.